पंपाचा ठराव

'स्मरणिकेसाठी लेख द्या, पण कम्प्युटरवर नको,' असा प्रेमळ दम मंडळाकडून आला तेव्हा मी जरा अडचणीत पडलो. गेली वीस-बावीस वर्षे पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या माणसाला दुसरे येते तरी काय? इतिहासाची आवड आहे, पण ती शाळेपासून लढायांच्या सनावळीतच अडकलेली. मग विचार केला, ज्या वस्तीत राहतो तिथल्या गटारांचा आणि पंपांचा इतिहास लिहावा. वाचकहो, नाक मुरडू नका! या विषयात राजेरजवाडे नाहीत, पण पाणी तुंबले की राजा आणि रंक दोघांचेही बूट सारखेच भिजतात.

आमची वस्ती म्हणजे जुमेरा लेक टॉवर्स, अर्थात जेएलटी. शेख झायेद रस्त्याच्या एका बाजूला मरिना, दुसऱ्या बाजूला आम्ही. २००२ साली डीएमसीसी स्थापन झाले आणि त्या सुमारास या वाळूच्या पट्ट्यात गाव वसवायचे ठरले. आखणी 'नखील'ची, पुढे कारभार डीएमसीसीचा. इंग्रजी वर्णमालेतल्या ए पासून झेडपर्यंत सव्वीस क्लस्टर, बहुतेक क्लस्टरात तीन-तीन मनोरे, मध्ये खोदलेली तळी, आणि तळ्यात बेटासारखा उभा असलेला अडुसष्ट मजली अल्मास टॉवर. अल्मास म्हणजे हिरा. हिऱ्यांचा व्यापार तिथूनच चालतो.

मी २००८ साली इथे राहायला आलो तेव्हा अर्ध्या मनोऱ्यांना क्रेन लटकलेल्या होत्या. टॅक्सीवाल्याला 'क्लस्टर' म्हटले की तो गाडी बाजूला घेऊन आपल्यालाच रस्ता विचारायचा. सप्टेंबर २००९ मध्ये मेट्रोची रेड लाइन सुरू झाली, एप्रिल २०१० मध्ये मरिनाचे स्थानक उघडले, आणि वातानुकूलित पुलावरून चालत शेख झायेद रस्ता ओलांडता येऊ लागला. त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा वाटले की आपण बांधकामाच्या जागेवर नाही, गावात राहतो.

आता थोडे मागे जाऊ. या शहराला सार्वजनिक कामांचे वेड नवे नाही. इथल्या घरांत पूर्वी विहिरीचे पाणी पत्र्याच्या डब्यांतून, गाढवाच्या पाठीवरून यायचे. १९५७ साली नगरपालिकेला रीतसर रूप आले. खाडी गाळाने भरत चालली होती, गलबते आत येईनात. तेव्हा शेख रशीद यांनी कर्ज काढून ती उपसून घेतली. विजेची कंपनी १९५९ ची, जॉन हॅरिस या इंग्रज वास्तुविशारदाने केलेला शहराचा पहिला आराखडा १९६० चा, अल मक्तूम पूल १९६३ चा. त्या काळात इथे व्यवहार चालायचा तो आपल्या रुपयात. १९५९ पासून खास आखातासाठी वेगळ्या नोटा रिझर्व्ह बँकेने छापल्या आणि त्या १९६६ पर्यंत इथे चालल्या. तेल सापडले १९६६ मध्ये. म्हणजे खाडी, वीज आणि पूल ही कामे तेलाच्या पैशाच्या आधीची, बरीचशी उसन्या पैशावरची. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पैसा आला म्हणून सोयी झाल्या असे नाही; सोयी आधी केल्या म्हणून व्यापार टिकला.

या सगळ्या यादीत एक गोष्ट मात्र मागे राहिली, ती म्हणजे पावसाच्या पाण्याचा निचरा. आणि ते स्वाभाविकच होते. वर्षाला सरासरी ९५ मिलिमीटरच्या आत पाऊस पडणाऱ्या गावात गटारांवर कोण खर्च करील? दोन-चार सरी यायच्या, पोरे गॅलरीत धावायची, टँकर येऊन चौकातले पाणी ओढून न्यायचे आणि संपले. शहर जो पाऊस पाहते त्याच मापाची गटारे बांधते.

हे काही एकट्या दुबईचे नाही. मी एम.एस्सी.साठी लंडनला होतो तेव्हा थेम्सच्या काठी चालताना एका मिशीवाल्या गृहस्थांचे स्मारक दिसायचे. ते जोसेफ बॅझलजेट, लंडनची गटारे बांधणारे इंजिनीयर. कॉलऱ्याने हजारो माणसे मेली तरी ते काम रखडले होते. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी थेट पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली आणि काही दिवसांत कायदा मंजूर झाला! दुर्गंधी जोवर गरिबांच्या वस्तीत होती तोवर समित्या नेमल्या जात होत्या.

आपल्या मुंबईचेही तेच. शहरातली जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाची, तीही समुद्राला ओहोटी असताना. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करावी असे सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ साली तयार झाला आणि कपाटात गेला. त्यानंतर २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४! भरतीची वेळ, मिठी नदीच्या पात्रात अतिक्रमणे, नाल्यांत प्लास्टिक. पुढे डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, तिने २००६ मध्ये अहवाल दिला आणि बारा वर्षे पडून राहिलेल्या कामाला पैसा मिळाला. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह ही पंपिंग स्टेशने उभी राहिली ती त्यानंतर.

त्या दिवशी मी सीप्झमध्ये होतो. रात्र ऑफिसच्या जिन्यावर काढली आणि २८ तारखेला, काही चालत, काही ट्रकमधून, घरी पोचलो. आमचे घर मुंबईच्या पुढे, लोकलच्या अंतरावरच्या एका छोट्या उपनगरी शहरात. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचकांनी आपापल्या गावाचे नाव घालून वाचावे, फारसा फरक पडणार नाही. तळमजल्याच्या भिंतीवर खिडकीच्या उंचीइतकी चिखलाची रेघ होती. आई गाद्या उन्हात टाकत होती, ऊन नव्हते तरी. आणि बाबा पलंगावर बसून एक जाडजूड फाइल पुसत होते.

या फाइलबद्दल सांगायला हवे. आमच्या गल्लीच्या टोकाला रस्त्याखालून नाला जातो. रस्ता रुंद झाला, आजूबाजूला इमारती आल्या, पण खालची मोरी होती तेवढीच राहिली. १९९६ च्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा आमच्या अंगणात आले, तेव्हापासून बाबा नगरपालिकेला पत्रे लिहीत होते. वर्षाला दोन, एक पावसाळ्याआधी आणि एक नंतर. प्रत्येक पत्राची प्रत, त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का. सोबत मोरीची रुंदी, पाण्याची उंची आणि तारीख. आम्ही भावंडे त्यांची चेष्टा करायचो. 'बाबांचे महाभारत' असे त्या फाइलचे नाव होते. परदेशातून शिकून आलेला मी तर एकदा म्हणालो होतो, 'बाबा, या देशात पत्र लिहून काही होत नाही.' ते म्हणाले, 'नसेल होत. पण उद्या कोणी म्हणायला नको की आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.'

पुरानंतर चौकशीला अभियंते आले तेव्हा त्या गल्लीत नऊ वर्षांच्या पाण्याच्या नोंदी एकाच माणसाकडे होत्या. २००७ साली मोरी रुंद झाली. पत्रांमुळे झाली की पुरामुळे, हे मला सांगता येणार नाही. बाबाही कधी श्रेय घेत नाहीत.

मराठी माणसाला ही परंपरा नवी नाही. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. पण त्याच्याही आधी, १८७६ पासून, महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेचे पैसे उधळू नयेत, म्हणून सभेत विरोधी मत देणारे तेच. पुढे लोकमान्य टिळक त्या नगरपालिकेचे सभासद झाले आणि नामदार गोखले अध्यक्ष. देशाचे राजकारण करणारी ही माणसे नळ, दिवे आणि झाडूवाल्यांचे पगार यांवरच्या सभांना जाऊन बसत होती. ठराव मांडायचा, विरोध नोंदवायचा, इतिवृत्त वाचून मंजूर करायचे, हे आपण तिथे शिकलो. पुढे ते आपल्या सोसायट्यांच्या जनरल बॉडीत उतरले. १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्याने आपल्याला काय दिले असेल तर गच्चीच्या गळतीवर तीन तास भांडायचा हक्क!

मग जेएलटीत आल्यावर आपण हे सगळे विसरतो ते का? इथे नगरसेवक नाही, मतदान नाही, हे खरे. पण इमारतीपुरता कायदा इथेही आहे. दुबईत सामायिक मालकीच्या इमारतींचा पहिला कायदा २००७ चा, क्रमांक २७. त्याच्या जागी २०१९ चा कायदा क्रमांक ६ आला. त्यानुसार व्यवस्थापन कंपनी इमारत सांभाळते, सरकारी नियामक संस्था सर्व्हिस चार्जला मंजुरी देते आणि रहिवासी मालकांची एक छोटी समिती अंदाजपत्रक तपासून सूचना करू शकते. आपल्या मॅनेजिंग कमिटीएवढे अधिकार नाहीत, पण तोंड बंद ठेवावे इतके कमीही नाहीत.

२०१२ च्या नोव्हेंबरात आमच्याच वस्तीतला तमवील टॉवर रात्रीतून पेटला. आग बाहेरच्या पत्र्यांवरून वर-खाली धावली. जीव कोणाचा गेला नाही, पण घरे सोडलेल्या कुटुंबांना परतायला वर्षे लागली. मरिनात आणि गावात आणखी मनोरे पेटले आणि २०१७ मध्ये देशाची अग्निसुरक्षा संहिता कडक झाली. त्यानंतर मी आमच्या इमारतीच्या समितीत गेलो. हेतू चांगलाच होता.

इथून पुढचे लिहिताना हात जरा अडतो.

आमच्या इमारतीचे पार्किंग जमिनीखाली दोन मजले आहे. समुद्र जवळ, त्यामुळे जमिनीखाली थोडे खणले की पाणी. बेसमेंटच्या तळाशी एक खड्डा असतो, त्यात झिरपलेले आणि उतारावरून आलेले पाणी जमते, आणि तरंगत्या खटक्यावर चालणारा पंप ते बाहेर फेकतो. नियमाप्रमाणे पंप दोन असतात, एक कामाचा आणि एक राखीव. २०२३ च्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत कंपनीने कळवले की राखीव पंप कामातून गेला आहे, तो बदलावा, आणि पंपाचे विजेचे पॅनल जमिनीपासून वर उचलावे.

मी लॅपटॉप उघडला. कामाचा पंप गेल्या तीन वर्षांत किती तास चालला याची नोंद मागवली होती, तिचा आलेख काढला. आलेख जवळजवळ सपाट होता. मी म्हणालो, 'ज्या गावात पाऊस पडत नाही तिथे राखीव पंप म्हणजे वाळवंटात छत्री. पुढच्या वर्षी बघू.' सगळे हसले. सर्व्हिस चार्ज चौरस फुटामागे काही फिल्सने कमी झाला. दोघा-तिघांनी बैठकीनंतर पाठही थोपटली.

१६ एप्रिल २०२४, मंगळवार. बाबा पाडव्यासाठी आमच्याकडे आले होते. पाऊस आदल्या रात्रीच सुरू झाला होता. दुपारी दिवसा अंधार झाला. विमानतळावर त्या चोवीस तासांत सुमारे १४२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे २५४.८ मिलिमीटर झाला. १९४९ पासून नोंदी आहेत, त्यांतला हा उच्चांक. शेख झायेद रस्त्यावर गाड्या तरंगत होत्या, विमानतळ कोलमडला, काही मेट्रो स्थानके तर मे महिन्यातच पुन्हा उघडली. 'ढगांवर फवारणी केली म्हणून झाले' अशी अफवा तुम्हीही फॉरवर्ड केली असेल. शास्त्रज्ञांच्या अभ्यासात तसा पुरावा मिळाला नाही. तापलेले हवामान आणि एल निनो हीच कारणे पुढे आली.

आमच्या बेसमेंटच्या उतारावरून संध्याकाळी पाणी धबधब्यासारखे आत येऊ लागले. कामाचा पंप तासभर झुंजला. मग पाणी पॅनलपर्यंत चढले आणि तो बंद पडला. राखीव पंप नव्हताच. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरले, लिफ्ट बंद. वरच्या टाकीत पाणी चढवणारे पंपही खालीच, त्यामुळे नळ बंद. सुरक्षारक्षक आणि सफाईची मुले गुडघाभर पाण्यात बादल्या घेऊन उतरली. गाड्या गेल्या त्या गेल्या, त्यांना विमा होता.

बाराव्या मजल्यावर एक गुजराती आजोबा राहतात. बुधवारी त्यांची डायलिसिसची पाळी होती. जिन्यातल्या अंधुक उजेडात खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी त्यांना खाली आणले. दर वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची आणि ते दर वेळी म्हणायचे, 'सॉरी हं, तुम्हाला त्रास.' आठव्या मजल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना. उंच चाकांची एक गाडी मिळाली, ते वेळेत पोचले आणि ठीक आहेत, हे आधीच सांगून टाकतो. पण त्यांना उतरवणाऱ्या चौघांत मी होतो म्हणून शेजारी माझे कौतुक करत होते, आणि सपाट आलेख काढणाराही मीच होतो हे फारसे कोणाच्या लक्षात नव्हते.

रात्री बाटलीतल्या पाण्यावर खिचडी केली. एकोणिसाव्या मजल्यावरून खाली काळे पाणी आणि त्यात गाड्यांचे लुकलुकणारे दिवे दिसत होते. बाबांनी विचारले,

'दुसरा पंप नव्हता का रे?'

'होता. बिघडला होता.'

'मग बदलला का नाही?'

'पुढच्या वर्षावर ढकलला.'

'बैठकीचे इतिवृत्त असेल ना?'

मी फोनवर काढून दिले. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचले आणि फोन परत दिला. 'सूचक म्हणून तुझेच नाव आहे,' एवढेच म्हणाले. मग थोड्या वेळाने, 'बरे झाले लिहून ठेवलेय ते.'

त्यांनी रागावून बोलले असते तर मला सोपे गेले असते. मी जन्मभर 'पालिका झोपली आहे' म्हणत आलो. बाबांची पत्रे वाचून टोपलीत टाकणारा तो कोणी कारकून किंवा अधिकारी माझ्या डोळ्यांसमोर कायम पान खाणारा, आळशी असा असायचा. त्याच्याकडेही बहुधा एक सपाट आलेख असेल. त्यालाही कोणीतरी खर्च वाचवल्याबद्दल शाबासकी दिली असेल. मोरी अरुंद ठेवायला दुष्ट माणूस लागत नाही. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारा माझ्यासारखा शिकलेला माणूस पुरतो.

जून २०२४ मध्ये दुबई सरकारने 'तसरीफ' या ३० अब्ज दिरहमांच्या पर्जन्यजल योजनेची घोषणा केली. निचऱ्याची क्षमता सातशे टक्क्यांनी वाढवायची, दिवसाला दोन कोटी घनमीटर पाणी वाहून नेता यावे, आणि २०३३ पर्यंत काम पुरे करायचे. मुंबईत अहवाल ते कृती हे अंतर बारा वर्षांचे आणि एका महापुराचे. इथे पुरापासून घोषणेपर्यंत जेमतेम दहा आठवडे. याचे कौतुक करायलाच हवे. पण एक लक्षात ठेवू या. सरकारचा बोगदा रस्त्यावरचे पाणी नेईल. आपल्या बेसमेंटमधला खड्डा, पंप आणि पॅनल आपलेच राहणार.

पुढच्या बैठकीत मी एक पानाचे निवेदन वाचले. २०२३ च्या अंदाजपत्रकात पंप पुढे ढकलण्याची सूचना माझी होती आणि ती चूक होती, असे इतिवृत्तात नोंदवून घेतले. कोणी काही बोलले नाही. बाराव्या मजल्यावरच्या आजोबांचा मुलगा समोर बसला होता. नंतर त्याने माझ्या हातात चहाचा कप दिला. दोन नवे पंप आले, पॅनल आता माणसाच्या उंचीच्या वर आहे, आणि दर तीन महिन्यांनी खड्ड्यात पाणी सोडून दोन्ही पंप चालवून बघतात. मी तिथे उभा राहून तारीख आणि वेळ लिहितो. त्यासाठी एक फाइल केली आहे. माझ्या मुलीने अजून तिला नाव ठेवलेले नाही, ठेवील लवकरच.

मंडळाच्या कार्यक्रमांत आपण भेटतो तेव्हा शाळा, नोकऱ्या, परतीची तिकिटे यांवर बोलतो. या वेळी एकमेकांना एवढे विचारा : तुमच्या इमारतीचा राखीव पंप चालू आहे का? शेवटचा कधी चालवून पाहिला? उत्तर 'माहीत नाही' असे आले तर या गणपतीत आरतीनंतर पाच मिनिटे खाली बेसमेंटमध्ये जाऊन या. आणि काय दिसले ते तारीख घालून लिहून ठेवा.